स्टॉर्म आणि उजेडाचा प्रश्न

सोमवार, रात्री

स्टॉर्म म्हणजे मार्व्हल कॉमिक्समधली, पाऊस आणि वीज हुकमावर पाडणारी नायिका. तिची आई केनियाची राजकन्या, वडील अमेरिकन छायापत्रकार. जन्म न्यूयॉर्कच्या हार्लेममधला. मूल तान्हं असतानाच बिऱ्हाड कैरोला हललं. पुढे सुएझच्या लढाईत घरावर विमान कोसळलं, आईबाप दोघंही गेले, आणि ढिगाऱ्याखाली आईच्या शेजारी अडकून पडलेल्या या पोरीला बंद जागेची जन्माची धास्ती बसली. मग कैरोच्या बाजारात पाकीटमारी, मग पायी पायी दक्षिणेला, आईच्या मुलखात. तिथे पाऊस पाडते म्हणून लोक तिला देवी मानायला लागले. १९७५ साली लेन वीन आणि डेव्ह कॉक्रम यांनी ‘एक्स-मेन’मध्ये आणलेल्या या बाईचं मूळ चरित्रच इतकं भरगच्च आहे की सिनेमावाल्यांसमोर ताट वाढून ठेवलेलं होतं.

आज हे सगळं पुन्हा डोक्यात यायचं कारण भाचा. जेवणं झाल्यावर त्याचा फोन. “मावशी, सिनेमात स्टॉर्मसाठी उजळ नट्या घेतल्या म्हणून लोक उगाच बोंब मारतात गं. हॅली बेरी ब्लॅक, अलेक्झांड्रा शिप ब्लॅक. कॅरेक्टर ब्लॅक. जुळलं ना? अजून काय पाहिजे?”

त्याला म्हटलं, उद्या बोलू. म्हणजे इथे लिहून झाल्यावर बोलू.

त्याचं काही चूक नाही. अमेरिकेचाच हा जुना हिशेब आहे. व्हर्जिनिया राज्याने १९२४ साली रीतसर कायदा केला होता: अंगात आफ्रिकी रक्ताचा अंश निघाला की गोरं म्हणवून घ्यायचं नाही, गोऱ्याशी लग्न करायचं नाही. तो कायदा १९६७ पर्यंत टिकला. माणसांना दाराबाहेर ठेवण्यासाठी आखलेली ही रेघ आता कास्टिंगच्या टेबलावर भलतीच सोयीची झाली आहे. कागदावर ‘ब्लॅक’ असं लिहिलं, त्या शब्दात बसणारी अभिनेत्री घेतली, रकाना भरला. त्या रकान्यात कितीतरी छटा मावतात आणि त्यातली सगळ्यात उजळ निवडली तरी कुणी बोट दाखवू शकत नाही, कारण कागद बरोबर आहे.

हॅली बेरीची आई गोरी, वडील काळे. शिपचंही तसंच. यात त्या दोघींचा काय दोष? काम मिळालं, त्यांनी केलं. २००० सालच्या पहिल्या चित्रपटात बेरीने आफ्रिकी वळणाचे उच्चार करून बघितले, पुढच्या भागात ते गुपचूप सोडून दिले, तेही मला मनापासून हसू आणणारं आहे. पण याच भूमिकेसाठी नव्वदच्या दशकात अँजेला बॅसेटला विचारणा झाली होती, हे वाचल्यापासून माझ्या डोक्यात दुसराच सिनेमा चालू असतो. बॅसेट पुढे २०१८ मध्ये ‘ब्लॅक पँथर’ सिनेमात वकांडा राज्याची राणीमाता झाली. त्या थाटात ती दिसली तेव्हा वाटलं, बाईने वीस वर्षं आधी वीज पाडली असती.

बुधवार

दिवसभर ग्रेडिंग, म्हणजे चित्रित झालेल्या प्रसंगांचे रंग आणि उजेड जुळवणं. डोळे चुरचुरताहेत.

वाड्यातला प्रसंग होता. संध्याकाळ, ओसरीवर एकच दिवा, मागे चुन्याची भिंत, पुढे सावळी नटी. कॅमेरामनने सुंदर टिपलं होतं. गालाच्या हाडावर दिव्याचा पिवळा कड, बाकी चेहरा हळूहळू अंधारात उतरत गेलेला. आणि मागच्या सोफ्यावर काम बघायला बसलेल्यांतून आवाज आला, “चेहरा उठव जरा.”

हे वाक्य मी रोज ऐकते. उठव म्हणजे उजळ कर. चेहऱ्याभोवती विंडो, म्हणजे निवडीची चौकट, काढायची, ती चेहऱ्याबरोबर सरकेल अशी ट्रॅक करायची आणि मधल्या टोनला वर ढकलायचं. ढकललं. कड गेला, खोली गेली आणि गाल राख फासल्यासारखा झाला. “हां, आता दिसते,” सोफा म्हणाला. दिसत होती तर आधीच की.

या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगितली तर खरी वाटत नाही. आमच्या समोर व्हेक्टरस्कोप नावाची एक गोल जाळी असते. चित्रातला प्रत्येक रंग तिच्यावर कोणत्या दिशेला पडतो ते ती दाखवते. तिच्यावर लाल आणि पिवळ्याच्या मध्ये एक तिरकी रेघ आहे, माणसाच्या कातडीची. माणूस नॉर्वेचा असो, नायजेरियाचा असो की नांदेडचा, चेहरा नीट उजेडात टिपलेला असेल तर त्याचा ठिपका याच रेघेच्या आसपास येऊन बसतो. थोडा इकडे, थोडा तिकडे. कातडीखाली सगळ्यांचं रक्त लालच. फरक पडतो तो दुसऱ्या यंत्रावर, म्हणजे किती उजेड परत येतो त्यावर. गोऱ्या चेहऱ्यासाठी तिथे सत्तर टक्क्यांच्या आसपासचा आकडा कॅमेरामनच्या पिढ्यांनी पाठ केलेला आहे. गडद चेहरा त्याच्या बराच खाली, त्याच्या स्वतःच्या जागी असतो. त्याला ओढून सत्तरला नेलं की तो बिघडणारच.

“गडद कातडी कॅमेऱ्यात नीट येत नाही” हे वाक्य हॉलिवूडने अनेक वर्षं चालवलं आणि आम्हीही ते जसंच्या तसं उचललं. त्यात निम्मं सत्य आहे, पण ते कातडीबद्दल नाही, फिल्मबद्दल आहे. कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एका गोऱ्या बाईचा फोटो पाठवायची. त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणायचे. शर्ली छान दिसली की मशीन बरोबर, मग बाकीचे कसे का दिसेनात. शाळेच्या ग्रुप फोटोत काळ्या मुलांचे फक्त डोळे आणि दात उमटायचे, आयांनी तक्रारी केल्या, काही हललं नाही. हललं ते कधी? चॉकलेट बनवणारे आणि लाकडी फर्निचरवाले कुरकुरायला लागले, की आमच्या जाहिरातीत दोन तपकिरी छटा वेगळ्या दिसत नाहीत. तेव्हा कुठे फिल्म सुधारायला घेतली. टेबलाच्या तक्रारीला किंमत होती.

आता डिजिटलमध्ये ती सबबही उरलेली नाही. ‘इनसिक्युअर’ मालिकेची छायालेखिका आवा बर्कोफ्स्की हिने २०१७ मध्ये आपली पद्धत सविस्तर सांगितली होती: गडद चेहऱ्यावर जास्त उजेड ओतायचा नाही, तो परावर्तित करायचा. मोठा, मऊ, पांढरा पृष्ठभाग जवळ आणायचा आणि त्याचं प्रतिबिंब कातडीवर उमटू द्यायचं. कातडीला मॉइश्चरायझर लावून तुकतुकी ठेवायची, म्हणजे चेहऱ्याचे उंचसखल भाग उजेड पकडतात. यात परदेशी असं काय आहे? आपल्याकडे लाइटदादा रोज थर्माकोल धरून उभेच असतात. फक्त आपला मेकअपदादा आधी पावडर थापून ती तुकतुकी मारून टाकतो, आणि मग सगळे मिळून माझ्याकडे येतात, चेहरा उठव म्हणून.

शुक्रवार

भाच्याशी बोलणं झालं. त्याने नवा मुद्दा काढला, “पण कॉमिकमध्येही तिचा रंग दर अंकाला बदलतो.”

बदलतो, हे खरंच. त्या काळच्या स्वस्त छपाईत तपकिरी रंग मिळायचा तो ठिपक्यांच्या हिशेबाने, आणि प्रत्येक रंगवणाऱ्याचा हात वेगळा. शिवाय कॉक्रमने तिला पांढरे सरळ केस आणि निळे डोळे दिले. पांढऱ्या केसांनी ती आजीबाई दिसेल अशी तेव्हा कुरकुर झाली होती. निळ्या डोळ्यांबद्दल कुणी कुरकुर केल्याचं माझ्या वाचनात नाही! म्हणजे कागदावरच थोडी तडजोड होती, हे मान्य. पण तडजोडीला पुढे पुढे ढकलतच न्यायचं का?

आणि हा ‘कॉमिकमध्ये असंच आहे’ मुद्दा लोकांना नेमका कधी आठवतो ते बघ, म्हटलं. २०१८ मध्ये ‘टायटन्स’ या सुपरहिरो मालिकेत स्टारफायरच्या भूमिकेत अ‍ॅना डिओप आली. सेनेगलमध्ये जन्मलेली, गडद वर्णाची. स्टारफायर कोण, तर परग्रहावरची नारिंगी कातडीची राजकन्या. नारिंगी! पृथ्वीवरच्या कुठल्याही बाईला ती भूमिका करताना कल्पनेचा आधार घ्यावाच लागणार. पण तिच्या फोटोंखाली इतकी घाण ओतली गेली की तिला इन्स्टाग्रामवरच्या प्रतिक्रिया बंद कराव्या लागल्या. मूळ रंगाशी इमान राखा म्हणणारी ही फौज स्टॉर्म उजळ निघाली तेव्हा कुठे होती?

झोई साल्दान्याचं तर सगळं करिअरच या चर्चेवर एक तिरकस टीप आहे. ‘अवतार’मध्ये निळी, ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’मध्ये हिरवी. प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली. लुपिता न्याँगोला २०१४ मध्ये ऑस्कर मिळालं आणि पुढच्याच वर्षी ‘स्टार वॉर्स’मध्ये ती आली ती संगणकाने घडवलेल्या चष्मेवाल्या म्हाताऱ्या जीवाच्या रूपात. तो निर्णय तिने आनंदाने घेतला असेल, मला तिच्या मनातलं काय माहीत. पण पडद्यावर त्या वर्षी आम्हाला तिचा चेहरा नव्हता, एवढं खरं.

साल्दान्याने २०१६ च्या ‘नीना’त गायिका नीना सिमोनची भूमिका केली, तेव्हा मात्र तिला गडद मेकअप आणि खोटं नाक लावलं. नीना सिमोनला आयुष्यभर ज्या रंगाने आणि ज्या नाकाने सोसायला लावलं, ते दोन्ही मेकअपच्या खोलीतून उसने आणले. सिमोनच्या घरच्यांनी झोडपलं, आणि २०२० मध्ये साल्दान्याने जाहीर माफी मागितली.

इथे भाचा गप्प झाला आणि मग म्हणाला, “आजी बघायची ती सीरियल.” हो. ‘रंग माझा वेगळा’. काळ्या रंगामुळे छळली जाणारी दीपा, आणि ती रंगवली रेश्मा शिंदेने, चेहऱ्यावर गडद थर लावून. मालिकेचा विषयच रंगावरचा अन्याय, आणि तिच्या मध्यभागी एका सावळ्या मुलीचं काम गेलेलं. आमच्या घरात आईसकट सगळे रात्री जेवणाच्या वेळी बघायचे आणि दीपासाठी हळहळायचे. मीही बघायची. रेश्मा शिंदे चांगलीच नटी आहे, प्रश्न तो नाही. प्रश्न ऑडिशनला कुणाला बोलावलं हा आहे, तिकडेही आणि इकडेही.

रविवार, दुपारी

काल रात्री ‘ब्लॅक पँथर’ परत लावला, आवाज बंद करून. मी कामाचे सिनेमे असेच बघते.

रायन कूगलरचा हा सिनेमा रेचल मॉरिसनने चित्रित केला. त्यातला दक्षिण कोरियातल्या बुसानच्या कॅसिनोतला प्रसंग थांबवून थांबवून बघितला. लाल पोशाखातली डनाय गुरिरा, हिरव्यातली लुपिता. भिंती सोनेरी, दिवे सोनेरी. विग भिरकावल्यावर गुरिराच्या तुळतुळीत डोक्यावर वरच्या दिव्याची पूर्ण गोलाई दिसते, कुणी ती पावडरने मारलेली नाही. दोघी एका चौकटीत आहेत आणि दोघींच्या कातडीतला फरक स्पष्ट दिसतो. एकीला दुसरीच्या पातळीवर आणलेलं नाही. लाल आणि हिरवा तर त्या रंगावर असे बसतात की गोऱ्या कातडीवर ते शक्यच नाही. कपडे रूथ कार्टरचे, तिला त्यासाठी ऑस्कर मिळालं. चित्रपटाने जगभरात १.३ अब्ज डॉलरहून जास्त कमावले. म्हणजे गल्ल्याचीही सबब संपली.

ती सबब काय थराची होती, ते २०१४ मधल्या एका ईमेलवरून कळतं. मार्व्हलचे प्रमुख आयझॅक पर्लमटर यांनी सोनीच्या प्रमुखांना नायिकाप्रधान सुपरहिरोपट कसे आपटले याची छोटी यादी पाठवली होती. सोनीची ईमेलं फुटली तेव्हा ती बाहेर आली. यादीत हॅली बेरीची ‘कॅटवूमन’ होतीच. २००४ चा तो सिनेमा वाईट होता हे बेरीनेही मान्य केलं. सर्वात वाईट अभिनयाचा ‘रॅझी’ हा थट्टेचा पुरस्कार घ्यायला ती स्वतः गेली, हातात आधीचं ऑस्कर धरून. असली ऐट मला फार आवडते. पण पुरुषांचे किती सुपरहिरोपट आपटले, त्यांची यादी करून कुणी पुरुषांना घरी बसवलं नाही.

याच ‘ब्लॅक पँथर’च्या निवडीतून अमांड्ला स्टेनबर्ग स्वतःहून बाजूला झाली. तिने २०१८ मध्ये सांगितलं, की बाकी सगळ्या गडद वर्णाच्या अभिनेत्री आफ्रिकी पात्रं करत असताना मिश्रवंशाची मी तिथे उभी राहणं बरोबर वाटलं नसतं. त्याच वर्षी अभिनेत्री झेंडाया म्हणाली, हॉलिवूडला चालणारी काळी मुलगी मी आहे. या दोघींबद्दल आदर आहे. तरीही मला हे खटकतं, की हा हिशेब विशीच्या मुलींनी जाहीरपणे मांडायचा आणि ऑडिशनच्या याद्या करणाऱ्यांची नावंही कुणाला माहीत नसायची.

एक्स-मेनचे सिनेमे काढणारी फॉक्स कंपनी मार्व्हलची मालक असलेल्या डिस्नेने २०१९ मध्ये विकत घेतल्यापासून एक्स-मेन मार्व्हलच्या घरी आले आहेत, म्हणजे आज ना उद्या नवी स्टॉर्म येणार. नाव कुणाचं येतं ते येवो. मला पहिला ट्रेलर आवाज बंद करून बघायचा आहे. वीज चमकते तो उजेड निळसर-पांढरा आणि कडक असतो. गोऱ्या चेहऱ्यावर तो पडला की सगळं एका क्षणात सपाट पांढरं होतं. गडद चेहऱ्यावर तोच उजेड कपाळ, गालाचं हाड, ओठाची कड एवढंच पकडतो आणि बाकीचा चेहरा तसाच भरीव राहतो. वर पांढरे केस. वीज पाडणाऱ्या बाईसाठी याहून चांगली कातडी कुठल्या कॅमेरामनने मागितली असती? फक्त त्या दिवशी ग्रेडिंगच्या खोलीत सोफ्यावर कुणाला बसू देऊ नका.

भाच्याला हे वाचायला पाठवते. तो नक्की विचारणार, मग तुझ्या मते कोणाला घ्यावं. माझ्याकडे दोन नावं आहेत, पण ती फोनवर सांगेन, कारण त्यावर त्याचं आणि माझं जोरदार भांडण होणार आहे.