जाळं रिकामं होतं की समुद्र?

जाळं वर खेचणाऱ्या विंचचा आवाज नेहमीपेक्षा जड येत होता. डेकवरचे नवखे विद्यार्थी खूश होते, आज घबाड मिळणार म्हणून. जुन्या खलाशांचे चेहरे मात्र आधीच उतरलेले. जून २०१७ची गोष्ट. अमेरिकेत ओरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांच्या मधून वाहत येऊन कोलंबिया नदी पॅसिफिकला मिळते, त्या मुखाबाहेर आम्ही ट्रॉल, म्हणजे बोटीमागे ओढायचं पिशवीसारखं जाळं, ओढत होतो. जाळ्याची पिशवी सुटली आणि डेकवर पसरले ते मासे नव्हतेच. तोंडल्याएवढ्या, गुलाबीसर, अर्धपारदर्शक, हाताला खरखरीत लागणाऱ्या नळ्या. पायरोसोम. यातली एकेक नळी म्हणजे सूक्ष्म जीवांची अख्खी वसाहत, आणि मूळची कोमट समुद्रातली. काही आठवड्यांपूर्वी याच भागात दुसऱ्या एका संशोधन बोटीच्या जाळ्यात पाच मिनिटांत सुमारे ६०,००० पायरोसोम आले होते, हे आम्ही ऐकून होतो. ऐकणं वेगळं, फावड्यानं उपसणं वेगळं.

आम्हाला हवी होती सॅल्मनची पिल्लं. नदीतून नुकतीच खाऱ्या पाण्यात उतरलेली, वीतभर लांबीची. मी रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयातून निघाले तेव्हा ‘मासा कसा वाढवायचा’ हे शिकून निघाले होते. इथे येऊन मासा कसा मरतो हे शोधायचं काम मिळालं. १९९८पासून मे-जूनच्या सुमारास हे सर्वेक्षण चालत आलं आहे. किनाऱ्याला काटकोनात ठरलेल्या रेषा, त्या रेषांवर ठरलेली ठाणी, प्रत्येक ठाण्यावर अर्धा तास ट्रॉल. जाळ्याचं तोंड साधारण ३० मीटर रुंद आणि २० मीटर खोल, कारण पिल्लं वरच्याच थरात फिरतात. सगळं दर वर्षी तस्संच करायचं, म्हणजे या वर्षीचा आकडा मागच्या आकड्यांशेजारी ठेवता येतो.

पायरोसोम बाजूला केल्यावर तळाशी सॅल्मन किती? बोटांवर मोजता येतील इतके. आणि तिथेच वादाला तोंड फुटलं.

कप्तानाचं म्हणणं सरळ होतं. जाळ्याच्या भोकांत हे लिबलिबीत प्रकरण अडकलं की पाणी आरपार जात नाही, जाळ्यापुढे पाण्याची भिंत तयार होते, आणि पिल्लं तिथूनच बाजूला वळतात. “मासे नव्हते असं लिहू नका. जाळं चाललं नाही असं लिहा.” चाळीस-पन्नास वर्षं समुद्रावर काढलेला माणूस बोलतो तेव्हा ऐकावं लागतं. पण ते मान्य केलं तर आमच्या हातात काहीच उरत नव्हतं. खराब झालेली ओढ गाळायची असते. खरोखर रिकामी आलेली ओढ मात्र गाळून चालत नाही, तीच त्या वर्षाची सगळ्यांत मोठी बातमी असू शकते. आमच्यासमोर यातलं नेमकं कोणतं पडलंय?

मुख्य शास्त्रज्ञ बाई फारशा बोलल्या नाहीत. त्यांनी नकाशावर बोट ठेवलं: किनाऱ्याच्या आतलं ठाणं. पायरोसोमची गर्दी बाहेर, खोल पाण्याकडे जास्त होती. आत ते तुरळक, आणि पिल्लांना तर आतलं पाणीच आवडतं. तिथे जाळं स्वच्छ आलं तर कप्तानाच्या शंकेचा निकाल लागणार होता.

आत जाताना नदीच्या पाण्याची कड लागली. एका बाजूला हिरवट-तपकिरी गोडसर पाणी, दुसऱ्या बाजूला निळसर समुद्र, मधे फेसाची रेघ. एरवी या रेघेवर ‘मर’ (murre) नावाच्या मासे खाणाऱ्या समुद्रपक्ष्यांचे थवे बसलेले असतात. त्यांना कळतं पिल्लं कुठून बाहेर येतात ते. पक्षी मोजणारी आमची सहकारी दुर्बीण लावून आकडे सांगत होती. अँकोव्ही, स्मेल्ट असे छोटे मासे भरपूर असले तर पक्ष्यांचं पोट त्यावर भरतं आणि सॅल्मनची पिल्लं त्यांच्या आडून निसटतात. त्या वर्षी हे छोटे मासेही कमीच दिसत होते. मग पक्ष्यांनी खायचं काय, हा प्रश्न तिनं मोठ्यानं विचारला नाही, पण वहीच्या कडेला लिहिलेला मी पाहिला.

जाळं सोडलं, अर्धा तास ओढलं, वर घेतलं. स्वच्छ. पायरोसोम नावाला. जाळ्याच्या टोकाच्या पिशवीत थोडे स्क्विड, काही जेली, आणि सॅल्मन पुन्हा मूठभर. कप्तान खाली उतरून आला, बादलीत डोकावला, आणि काही न बोलता केबिनकडे वळला.

आलेल्या पिल्लांवर मात्र आम्ही जीव ओतून काम केलं. हातात धरताच खवले गळतात इतकं नाजूक अंग. लांबी, वजन. जिवंत असेल त्याचं थोडं रक्त, त्यातल्या आयजीएफ-१ या संप्रेरकावरून मासा अलीकडच्या दिवसांत किती वेगानं वाढतोय ते समजतं. पराचा तुकडा जनुकीय तपासणीसाठी, म्हणजे हा कोणत्या उपनदीचा ते कळावं. शेपटीअलीकडचा छोटा मांसल पर कापलेला असेल तर हॅचरीचा, म्हणजे टाक्यांत वाढवून नदीत सोडलेला मासा. नाकाडावर यंत्र फिरवायचं, आवाज आला तर आत १.१ मिलिमीटर लांबीची तार आहे, आणि त्या तारेवरच्या आकड्यांवरून हॅचरी कळते. त्या दिवशीचं चिनूक या सॅल्मनच्या जातीचं एक पिल्लू नंतर स्नेक नदीच्या खोऱ्यातलं निघालं. आयडाहोच्या बाजूनं, एकामागोमाग आठ धरणं पार करून आलेलं. या वाणाला १९९२पासून कायद्याचं संरक्षण आहे. नदीतून गेलेल्या शंभरातले दोन ते सहा मासे समुद्रात वाढून अंडी घालायला परत यावेत असं उद्दिष्ट आहे. या खोऱ्यात बहुतेक वर्षी दोनसुद्धा गाठणं कठीण जातं.

रात्री जेवताना एका विद्यार्थ्यानं विचारलं, ही पिल्लं तर चांगली गुबगुबीत दिसतात, मग समुद्र वाईट कसा म्हणायचा? प्रश्न मला फार आवडला, कारण या कामातली खरी मेख तीच आहे. आपल्या हाती येतात ते वाचलेले. लहानखुरे, अशक्त मासे पहिल्याच काही आठवड्यांत खाल्ले गेले असतील तर उरलेल्यांची सरासरी आपोआप चांगली दिसते. कानातल्या हाडावर रोज एक वलय चढतं, ते उलट वाचत गेलं तर हा मासा समुद्रात उतरताना केवढा होता ते कळतं. पण जो मेला त्याचं हाड आपल्याकडे कुठून येणार? रिचर्ड बीमिश आणि कॉन्राड माहन्केन या संशोधकांनी २००१मध्ये मांडलं होतं की पहिल्या हिवाळ्याआधी पिल्लानं ठरावीक आकार गाठला नाही तर ते हिवाळ्यात टिकत नाही. म्हणजे मरणाचे दोन मोसम: उतरल्याउतरल्या शिकाऱ्यांच्या तोंडी जाण्याचा, आणि मग भुकेचा.

भुकेचं गणित तळापासून सुरू होतं. उत्तरेकडून थंड पाणी आलं की त्याबरोबर कोपेपॉड नावाचे चरबीनं भरलेले बारीक तरंगते जीव येतात. दक्षिणेच्या कोमट पाण्यातले कोपेपॉड छोटे आणि कोरडे. पिल्लं स्वतः कोपेपॉडवर जगत नाहीत, पण ज्या बारक्या माशांवर आणि कोळंबीसारख्या क्रिलवर जगतात त्यांच्या अंगात ही चरबी उतरते. समुद्रशास्त्रज्ञ बिल पीटरसन यांनी १९९६पासून ओरेगनच्या न्यूपोर्टसमोर साधारण दर पंधरवड्याला पाणी गाळून हे दाखवून दिलं. २०१४ ते २०१६ची ती प्रचंड उष्ण लाट ओसरली होती, २०१७मध्ये पाण्याचं तापमान बऱ्यापैकी जागेवर आलं होतं, आणि तरीही समुद्रातली ‘माणसं’, म्हणजे कोमट पाण्याबरोबर आलेले जीव, बदलली नव्हती, असं मी तेव्हा गमतीनं म्हणायचे. पीटरसन त्याच ऑगस्टमध्ये गेले.

मोहीम संपल्यावर बेरीज झाली. कोहो (सॅल्मनची आणखी एक जात) आणि एक वर्षाच्या चिनूक पिल्लांची त्या जूनमधली पकड वीस वर्षांतल्या सर्वांत कमी आकड्यांमध्ये होती. कोहो साधारण दीड वर्ष समुद्रात काढतात; २०१८मध्ये कोलंबियात ते अंदाजापेक्षा कमी परतले. दोन वर्षं काढणारे वसंतातले चिनूक २०१९मध्ये अंदाजापेक्षा कमी भरले.

एका हॅचरीत हे आकडे सांगायला गेले तेव्हा तिथल्या व्यवस्थापकानं वैतागून विचारलं, “मग आम्ही पिल्लं थोडी उशिरा, थोडी मोठी करून सोडू का?” ते वाटतं तितकं सोपं नाही. टाकीत भराभर वाढवलेले नर लवकर वयात येतात, त्यातले काही तर समुद्रापर्यंत जातच नाहीत. शिवाय टाक्या रिकाम्या करायची तारीख खाद्याचं बजेट आणि धरणाचं पाणी ठरवतं. खालचं थंड पाणी वर आणणारा उत्तरेचा वारा त्या वर्षी कधी सुटेल हे तेव्हा कुणालाच माहीत नसतं. माझं मत विचाराल तर सगळी पिल्लं एकाच आठवड्यात सोडू नयेत, टप्प्याटप्प्यानं सोडावीत. त्यानं मान हलवली आणि विचारलं, त्यासाठी लागणारा जादा माणूस कोण देणार?