पिनो, नोंद सातवी: पादेलोणाचा वास गेला, तीन नंबर सोडून

मंडळी, गॅरेजमध्ये करत असलेल्या पिनो न्वार या लाल वाइनबद्दल मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की आता मार्चपर्यंत कार्बॉयना (वाइन मुरवायच्या मोठ्या बाटल्यांना) हात लावायचा नाही. तो बेत मोडला. गेल्या शनिवारी वरची पातळी भरायला बुचं काढली आणि एक, दोन, तीन या तिन्ही कार्बॉयमधून तोच वास आला, जो सप्टेंबरात आला होता. इंग्रजीत त्याला सडलेल्या अंड्याचा वास म्हणतात. आपल्याला त्याहून नेमका शब्द ठाऊक आहे: पादेलोण. चाटवर भुरभुरलेलं ते काळं मीठ नाकाशी धरा, अगदी तेच. आणि ते योग्यच आहे, कारण दोन्हीकडे वायू एकच, हायड्रोजन सल्फाइड. चाटमध्ये तो हवा असतो. कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गॅपच्या पिनोमध्ये तो चेरीच्या छाताडावर बसतो.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात: ३०० पौंड द्राक्षं, पिनोचेच दोन वाण: त्यातली २२० पौंड डिजॉन ११५ मोठ्या पिंपात, ८० पौंड पोमार लहान पिंपात. ब्रिक्स (रसातली साखर) २४.२, पीएच ३.४५. दोन्हीकडे यीस्ट आरसी २१२. मोठ्या पिंपातून कार्बॉय एक, दोन, तीन भरले. लहान पिंपातून चार नंबर आणि एक गॅलनचा जग.

आता मुद्दा असा की चार नंबर आणि जग एकदम स्वच्छ आहेत. तेच यीस्ट, तेच गॅरेज, तेच हात. मग फरक कुठे पडला? वही काढली आणि उत्तर तिथेच सापडलं. आरसी २१२ ला नायट्रोजनची भूक मोठी. पोषण कमी पडलं की ते गंधक सोडायला लागतं. म्हणून फर्मेडचा (यीस्टच्या खाद्याचा) दुसरा हप्ता साखर एक तृतीयांश उतरल्यावर द्यायचाच असतो. मोठ्या पिंपाचा तो दिवस नेमका मंडळाच्या गणपती विसर्जनाचा होता. सकाळी सातला घर सोडलं, रात्री अकराला परतलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रिक्स ८ वर आला होता. इतकं अल्कोहोल झाल्यावर यीस्ट नायट्रोजन नीट घेतच नाही, म्हणून मी हप्ता दिला नाही. लहान पिंप एक दिवस उशिरा सुरू झालं होतं, त्याला वेळेवर मिळाला. चूक पूर्ण माझी. पुढच्या वर्षी हप्ता मोजून डबीत भरून पिंपाच्या झाकणावरच चिकटवणार, म्हणजे घरातलं कुणीही टाकू शकेल.

पण कारण कळलं म्हणून वास जात नाही. नुसता हायड्रोजन सल्फाइड आहे की पुढची पायरी, म्हणजे मर्काप्टन हे गंधकाचं दुसरं संयुग झालंय, हे आधी ठरवायला हवं होतं. पहिला असेल तर तांबं त्याला बांधून तळाशी नेतं. मर्काप्टनही बहुतेक वेळा तांब्याला वश होतं. पण मर्काप्टनला हवा लागून त्याचं डायसल्फाइड झालं, तर तांबं त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

इथले लोक या चाचणीसाठी तांब्याचं जुनं नाणं पेल्यात टाकतात. माझ्याकडे त्याहून चांगली गोष्ट होती: आजीचा तांब्या, जो मी दर दिवाळीला घासतो आणि परत फडताळात ठेवतो. चिंच-मिठाने आतून लखलखीत केला, खळखळून धुतला, आणि एक नंबरमधली १०० मिली वाइन त्यात ओतून पाच मिनिटं हलवली. शेजारी काचेच्या ग्लासात तेवढीच वाइन, तशीच. मग बायकोला डोळे मिटून दोन्ही हुंगायला दिले. काचेच्या ग्लासाला तिने नाक मुरडलं. तांब्याजवळ ती थांबली, परत हुंगली आणि म्हणाली, "हे क्रॅनबेरी आहे. आणि पाऊस पडून गेल्यावरची माती."

पाच महिने मी या वाक्याची वाट पाहत होतो.

(ती वाइन प्यायची नाही, सिंकमध्ये ओतायची. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक का कळकतं ते आपल्या घरांत सगळ्यांना माहीत असतं. वाइन तर ताकाहून आंबट. तांबं किती उतरलं याचा काही हिशोब राहत नाही. तांब्या फक्त निदानाला.)

उपचाराला कॉपर सल्फेट, मोजून. १ टक्क्याचं तयार द्रावण मागवलं, तर बाटलीवर तीव्रताच छापलेली नव्हती. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण अशा बाटलीवर अंदाजाने जाऊ नका. मी फोन करून लेखी मागून घेतली. बागकामाच्या दुकानातलं निळं मीठ तर अजिबात नको. द्रावण शंभरपट पातळ केलं आणि १०० मिलीच्या तीन नमुन्यांत ०.४, ०.८ आणि १.२ मिली घातलं, म्हणजे लिटरमागे साधारण ०.१, ०.२ आणि ०.३ मिलिग्रॅम तांबं. यासाठी औषधाच्या दुकानातली १ मिलीची सुई नसलेली सिरिंज घ्या. काचेचं पिपेट मी या कामातून कायमचं काढून टाकलंय, ओल्या बोटांनी त्यावर भरवसा राहत नाही.

०.१ ला वास निम्मा झाला. ०.२ ला पूर्ण गेला. ०.३ ला फळही जरा मागे सरकलं असं वाटलं. म्हणून ०.२. १९ लिटरच्या कार्बॉयला १ टक्क्याचं द्रावण दीड मिली. अमेरिकेत तयार वाइनमध्ये शिल्लक तांब्याची मर्यादा लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम आहे, तेव्हा सगळं शिल्लक राहिलं तरी आपण निम्म्याच्या आत. रविवारी सकाळी एक आणि दोन नंबरला मात्रा दिली, संध्याकाळपर्यंत दोन्ही मोकळे झाले. तीन आठवड्यांनी साक्यावरून अलगद उपसेन.

मधेच एक आनंदाची गोष्ट. एमएलएफच्या (मॅलिक आम्लाचं लॅक्टिक होण्याच्या) चाचणीचा कागद वाळला: निळसर हिरव्या कागदावर टार्टारिकचा पिवळा ठिपका, वर लॅक्टिकचा, आणि मधली मॅलिकची जागा कोरी. म्हणजे पाचही भांड्यांत ते पूर्ण झालं. डिसेंबरात गॅरेज १२ अंशांवर गेलं तेव्हा मी कार्बॉयना जुन्या गोधड्या गुंडाळून आत जिन्याखाली आणलं होतं, त्याचं सार्थक झालं. रंगही टिकलाय. पिनोच्या सालीत अ‍ॅसिलेटेड अँथोसायनिन (टिकाऊ रंगद्रव्यं) नसतात, त्यामुळे रंग मुळात नाजूक, त्यात एसओ२ ने (वाइन टिकवायला घालतात त्या सल्फर डायऑक्साइडने) तो फिका पडतो. म्हणून एमएलएफ संपेपर्यंत एसओ२ घातलाच नव्हता. आता मुक्त एसओ२ ३० वर आहे आणि ग्लासामागे धरलेलं वर्तमानपत्र वाचता येतं. पिनोचा रंग मला असाच आवडतो. याला गडद करायला दुसऱ्या जातीची वाइन मिसळण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे.

चार नंबरमधून काढलेला एक पेला १४ अंशांवर, गोड्या मसाल्याच्या भरल्या वांग्यांबरोबर घेतला. टॅनिन कमी, आंबटपणा ताठ, त्यामुळे दाण्याच्या कुटाचं तेलकटपण प्रत्येक घोटाला धुऊन निघतं. कॅबरनेबरोबर तिखट आणि टॅनिन एकमेकांना चेव आणतात, ते इथे होत नाही. आणि तो खारट, वाऱ्याचा स्पर्श! पेटालुमा गॅपची हद्दच वाऱ्यावरून आखलेली आहे: बोडेगा बेकडून शिरणारा समुद्रवारा दुपारी ताशी ८ मैलांच्या वर गेला की पानांची रंध्रं मिटू लागतात, पिकणं लांबतं, मणी लहान आणि साली जाड होतात. २०१८ साली एव्हीए (अमेरिकेतला अधिकृत द्राक्षपट्टा) झाला तेव्हा मी याला जाहिरातबाजी समजलो होतो. आता नाही समजत. फोर्ट रॉस-सीव्ह्यू या दुसऱ्या पट्ट्याचे मळे ९२० फुटांच्या वर, धुक्याच्या माथ्यावर. तिथली बाटली शेजारी ठेवली तर फळ जास्त उबदार लागतं. पुढच्या वर्षीही मी वाऱ्यातलीच द्राक्षं घेणार.

आता तीन नंबर. तांब्यात हलवूनही वास तसूभर हलला नाही. नीट हुंगल्यावर हा निव्वळ पादेलोणाचाही नाही, जळक्या रबराकडे झुकणारा आहे. उद्या याला थेट ०.५ ची मात्रा द्यायची असं ठरवून मी ही नोंद लिहायला बसलो होतो. पण वरचं डायसल्फाइडचं वाक्य लिहिलं आणि वही परत उघडली. तीन नंबर म्हणजे प्रेसमधला शेवटचा माल, सगळ्यात जास्त साका असलेला. नोव्हेंबरात मी याला तीनदा उंचावरून धार धरून ओतलं होतं, हवेने वास जावा म्हणून. प्रत्येक वेळी गेला आणि पंधरा दिवसांत परतला. म्हणजे वास जात नव्हताच, हवा लागून रूप बदलत होता. अशा वेळी ०.५ मिलिग्रॅम तांबं म्हणजे नुसतं तांबं.

तेव्हा बेत बदलला. आधी अ‍ॅस्कॉर्बिक, मग तांबं, म्हणजे डायसल्फाइडचं परत मर्काप्टन होऊन ते तांब्याला सापडेल. १०० मिलीच्या दोन नमुन्यांत १ टक्का अ‍ॅस्कॉर्बिकचं द्रावण अर्धा मिली, म्हणजे लिटरमागे ५० मिलिग्रॅम. एसओ२ आधीच आहे म्हणून हे सुरक्षित, एरवी अ‍ॅस्कॉर्बिकचं ऑक्सिडेशन होऊन पेरॉक्साइड तयार होतं. बाटल्या काठोकाठ भरून, बुचं लावून जिन्याखाली ठेवल्यात. एकात बुधवारी तांबं घालेन, दुसऱ्यात पुढच्या रविवारी, कारण ही अभिक्रिया सावकाश चालते आणि दोन दिवस पुरतील याची मला खात्री वाटत नाही. कुणी पूर्ण कार्बॉयवर हे केलं असेल तर किती दिवस थांबलात ते बुधवारच्या आत कळवा.