आमची वाटचाल : कुरुंदाच्या साणेपासून क्योटोच्या दगडापर्यंत

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. आजोबा खांद्यावर चरख घेऊन पुण्यात आले आणि रविवार पेठेत, बोहरी आळीच्या मागच्या बोळात बसले. चरखाची साण, म्हणजे धार लावायचं फिरतं चाक, त्यांनी घरीच केलेली. कुरुंद या कडक खनिजाची पूड वितळलेल्या लाखेत कालवायची, साच्यात दाबायची, निवली की आसावर चढवायची. कोरंडम हा शब्द आज जगभर चालतो, तो आपल्या देशातल्या या कुरुंदावरूनच गेला. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो.

अब्बांनी वस्तऱ्यांवर घर चालवलं. मी १९९१ साली गल्ल्यावर बसलो आणि पुढच्या काही वर्षांत सलूनवाल्यांनी पातं बदलायचे वस्तरे घेतले. रोगाची भीती होती, गिऱ्हाईकच तसं मागायचं, त्यात कुणाची चूक नाही. पण रोज चाळीस वस्तरे यायचे तिथे आठवड्याला दोन येऊ लागले. त्यातला एक कसबा पेठेतल्या न्हावी मामांचा.

मामांनी एक दिवस फडक्यात गुंडाळलेला दगड माझ्यापुढे ठेवला. "हाताला आता कंप सुटलाय. तू वापर. पण उसना देतोय बरं का, विकायचा नाही." त्यांच्या वडिलांना तो पुण्याच्या लष्कर भागातल्या एका सलूनमध्ये मिळाला होता. वरचा थर सायीसारखा पिवळट, खालचा पाटीसारखा जांभळट. पाण्याचे दोन थेंब टाकून त्याच्याच तुकड्यानं घासलं की दुधासारखं पाणी सुटतं. पुढे कळलं, हा बेल्जियममधल्या आर्देन भागातला कोटिक्यूल. गार्नेटचे, म्हणजे आपल्या तामड्याचे, डोळ्यांना न दिसणारे कण त्यात ठासून भरलेले असतात. दुधट पाणी दाट असताना तो भरभर कापतो; पाणी वाढवत गेलं की सौम्य होतो आणि धार गुळगुळीत करतो. वस्तऱ्याच्या साध्या कार्बन पोलादावर मी याच्यासारखा दुसरा दगड पाहिला नाही. त्याच दगडावर मी हॉटेलची स्टेनलेस सुरी घासून पाहिली, तर अर्धा तास गेला आणि कूस, म्हणजे घासताना धारेवर उठणारी पोलादाची बारीक किनार, काही धार सोडीना. दगड आणि पोलाद यांची जोडी जमवावी लागते, हे मला त्या अर्ध्या तासात कळलं.

हॉटेलांच्या सुऱ्यांनी आम्हाला तारलं. सात हॉटेलांच्या सुऱ्या नेमानं आमच्याकडे यायच्या. माझ्याकडे सहा वर्षं काम शिकलेला एक मुलगा होता, सणासुदीला आमच्या घरी माझ्या पानाशेजारी त्याचं पान असायचं. त्यानं रस्त्यापलीकडे गाळा घेतला, पट्ट्याचं मशीन बसवलं आणि 'पाच मिनिटांत धार' अशी पाटी लावली. कुठल्या हॉटेलच्या सुऱ्या कोणत्या वारी येतात, काय दर लागतो, सगळं त्याला पाठ. महिन्याभरात पाच हॉटेलं गेली. मी भांडलो नाही, पण आजही त्या पाटीवरून नजर गेली की बोचतं. गिऱ्हाईक गेल्याचं एक वेळ सोडा, काम वाईट होतं. कोरड्या पट्ट्यावर दाबून धरलेल्या सुरीचं टोक निळं पडतं. तिथलं पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापल्याची ती खूण. असं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलेलं टोक दोन दिवसांत बसतं आणि हॉटेलवाला म्हणतो, सुरीच खराब.

मशीनला उत्तर दगडानं द्यायचं, हे मी मनाशी घेतलं. अमेरिकेतल्या आर्कान्सॉमधल्या हॉट स्प्रिंग्जच्या आसपासच्या डोंगरांत नोव्हाक्युलाइट नावाचा धारेचा दगड सापडतो. जवळजवळ निव्वळ गार, म्हणजे क्वार्ट्झ, पण इतकी बारीक दाण्याची की उत्तम प्रतीच्या दगडाच्या कडेला बॅटरी लावली तर उजेड आत झिरपतो. मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं नमुना दाखवला, तो अस्सल होता. मी बायकोच्या पाटल्या पतसंस्थेत गहाण ठेवल्या आणि साठ दगडांची पेटी मागवली.

पेटी घरीच उघडली. पहिल्या दगडावर तेल टाकलं, सुरी ओढली आणि सुरीनंच दगडावर ओरखडा काढला. दुसरा घेतला, तेच. बॅटरी लावली तर उजेड झकास जात होता, त्यामुळे माझा स्वतःच्या हातावरचाच विश्वास उडाला. बायको आतून अर्धं लिंबू घेऊन आली. म्हणाली, "ओट्यावर लिंबू सांडलं की फरशी कशी होते, तसं तर नाही ना?" तिनं ओरखड्यातल्या भुकटीवर चार थेंब पिळले. बारीक फेस आला. गारेवर लिंबू काही करत नाही. हा संगमरवर होता, आणि पातळ कडेला उजेड त्यातूनही जातो.

व्यापारी म्हणाला, नमुन्यासारखाच माल आहे. पक्कं बिल मी घेतलं नव्हतं. साठच्या साठ दगड तसेच. चार वर्षं त्याचे हप्ते फेडले, दोनदा गाळा विकायला काढला. पुढची वर्षं बरी गेली.

सावरलो ते एका जपानी रेस्टॉरंटमध्ये काम करणाऱ्या आपल्या इकडच्याच एका मुलामुळे. त्याच्याकडे मासे कापायची एका बाजूची धार असलेली लांब सुरी होती आणि तिच्याबरोबर क्योटोचा दगड, म्हणजे जपानमधल्या क्योटोकडचा, पाणी टाकून वापरायचा धारेचा नैसर्गिक दगड. पेठेत कुणी हात लावेना. त्याला विचारून मी पात्याच्या टाचेशी लिंबाचा थेंब ठेवला. थोड्या वेळात डाग करडा पडला, म्हणजे कार्बन पोलाद. स्टेनलेस इतक्यात डागत नाही. ते जपानचं 'पांढरा कागद' पोलाद निघालं. नाव वेष्टनाच्या कागदावरून पडलेलं. क्योटोच्या दगडावर पाणी टाकून वीस मिनिटं काढली. पाठीचं मऊ लोखंड धुक्यासारखं झालं आणि धारेची पट्टी आरशासारखी उठली. तो मुलगा काही बोलला नाही, पुढच्या सोमवारी अजून चार सुऱ्या घेऊन आला.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. ऊसतोडीचा कोयता, ट्रकच्या कमानपाट्याचा, त्याला कुरुंदाची साण आणि वर मऊ आर्कान्सॉ, म्हणजे नोव्हाक्युलाइटची मऊ जात, पुष्कळ झालं. घरातल्या जर्मन पद्धतीच्या स्टेनलेस सुरीत कार्बन जेमतेम अर्धा टक्का आणि क्रोमियम पंधरा. हे पोलाद चिवट. तिला मऊ आर्कान्सॉ, मग कूस काढण्यापुरता कडक. फार गुळगुळीत केलीत तर टोमॅटोच्या सालीवरून घसरेल. कडक जपानी कार्बन पोलादाला पाण्यात चिखल सोडणारा दगड द्या. जपानच्याच 'निळा कागद' पोलादात टंगस्टन असतं, त्याला तोच दगड, फक्त वेळ जास्त. आणि ज्या सुरीत व्हॅनेडियम भरपूर आहे तिच्यासाठी नैसर्गिक दगडावर पैसे घालू नका. व्हॅनेडियमचं कार्बाइड, म्हणजे कार्बनशी जुळून झालेले त्याचे बारीक दाणे, गारेच्या दुपटीहून कडक असतं, दगड त्याच्याभोवतीचं पोलाद खातो आणि ते दाणे तसेच उभे राहतात. तिथे हिऱ्याची पट्टीच लागते. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड गावच्या विळीला चालतो, कडक पोलादावर नुसता सरकतो. आर्कान्सॉवर गोडेतेल कधी टाकू नका, ते चिकटून दगड बुजतो. क्योटोचा दगड रात्रभर पाण्यात ठेवू नका, थर सुटतात. त्याच्या कडांना मी स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख लावतो, आजोबांच्या साणेतलीच.

पाटल्या २०१५ साली सोडवल्या. मामा आता नव्वदीला आलेत. त्यांचा नातू दर पंधरा दिवसांनी वस्तरा आणतो, मी तो त्यांच्याच दगडावर लावतो, पैसे घेत नाही. दगड उसना आहे, म्हणून दर दिवाळीला पिवळा थर मोजून वहीत लिहितो. यंदा चार मिलिमीटर भरला.