चाखून न पाहता राजेळीचा हलवा: पाच घाण्यांची नोंद

यंदा चतुर्थीला मोदकांच्या जोडीला राजेळी केळ्यांचा हलवा करायचा, हे आषाढातच ठरवलं होतं. जिन्नस चारच: केळी, साखर, तूप, वेलदोडा. अडचण वेगळीच होती. नैवेद्याचा पदार्थ आधी चाखायचा नाही हा आमच्या घरचा नेम, आणि केळ्याचा गोडवा तर रोज बदलतो. परवाच्या केळ्याला पुरलेली साखर आजच्या केळ्याला जास्त होते. म्हणून श्रावणभर सराव केला. जिभेचं काम डोळा, नाक आणि बोटं कितपत करतात, ते बघायचं होतं.

पहिला घाणा पूर्ण बिघडला. स्टेशनजवळ वसईकडून येणाऱ्या मावशींकडून फणी आणली. पिवळीधम्मक, देठाशी जराशी हिरवट. पिकलीच आहेत असं समजून सोलली, कुस्करली आणि लोखंडी कढईत परतायला घेतली. गर मऊ होईना, गुठळ्या मोडेनात, आणि अर्ध्या तासात रंग पाटीसारखा झाला. वर तुरट चव. आईने ताट बघितलं आणि म्हणाली, "अगं, राजेळी ती. वेलची केळ्यांसारखी घाई नाही चालत. साल काळी पडू दे." दोन्ही गोष्टींची कारणं नंतर नीट समजली. राजेळीची साल पिवळी झाली तरी आतल्या पिठूळपणाची साखर व्हायला आणखी काही दिवस लागतात. आणि केळ्यातला तुरट अंश लोखंडाला लागला की काळाच पडतो. तेव्हापासून कल्हई केलेली पितळी कढई, नाहीतर जाड बुडाचं स्टीलचं पातेलं.

दुसऱ्या वेळी साल काळी पडायची वाट बघितली, पण अर्धी फणी फ्रिजमध्ये ठेवली होती. दोन दिवसांत साल कुळकुळीत काळी, आत मात्र केळं तसंच टणक! थंडीने साल काळी पडते आणि पिकणं थांबतं. म्हणजे नुसत्या रंगावर भरवसा नको. त्या घाण्यातली केळी हलव्याला घेतलीच नाहीत. मधोमध चीर देऊन त्यात ओलं खोबरं, गूळ आणि वेलदोड्याचं सारण भरलं आणि तव्यावर तुपात झाकण ठेवून मंद आचेवर परतली. भरल्या केळ्यांना अशीच घट्ट केळी लागतात. फार पिकलेलं केळं चीर देतानाच फाटतं.

बाहेर ठेवलेल्या अर्ध्या फणीची रोज नोंद केली. तिसऱ्या दिवशी तपकिरी ठिपके. पाचव्या दिवशी अर्धीअधिक साल काळी आणि हाताला कागदासारखी पातळ. देठाशी नाक नेलं की मधासारखा वास. अंगठ्याने हलकेच दाबलं तर खळगा पडतो आणि भरून येत नाही. माझ्या मते हा खळगाच सगळ्यात खरा. रंग फसवतो, अंगठा फसवत नाही.

याच केळ्यांचा तिसरा घाणा, आणि इथून हलवा जमायला लागला. केळी सालीसकट मोदकपात्रात 12 मिनिटं वाफवली. सोलून कुस्करलेलं केळं हवेत काळवंडतं. आधी वाफ बसली की ती क्रिया थांबते आणि गर पिवळाच राहतो. सोलल्यावर मधली काळसर बियांची रेघ सुरीच्या टोकाने काढली आणि गर पुरणयंत्रातून फिरवला. एकही गुठळी नाही. 6 केळ्यांचा गर 700 ग्रॅम भरला. त्याला तूप 90 ग्रॅम, तीन वेळा विभागून. साखर 200 ग्रॅम घातली, ती जरा जास्त झाली.

परतण्याबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण चाखता येत नसलं की सगळी मदार इथे असते. आधी नुसता गर थोड्या तुपावर. गर फदफदतो, शिंतोडे उडतात, लांब दांड्याचं उलथनं घ्या. पंधरा-वीस मिनिटांनी फदफद थांबते आणि गर एकत्र यायला लागतो. साखर तेव्हाच घालायची. ती विरघळून सगळं पुन्हा सैल होतं, घाबरू नका, ढवळत राहा. रंग हळदीसारखा असतो, तो गव्हाळ होतो, मग मधासारखा तांबूस. उलथन्याने तळ खरवडला की कढईत वाट पडते. ती मिटेनाशी झाली की शेवटचं तूप घाला. मग कडेने बारीक चुरचुर ऐकू येते आणि गोळ्यावर चकाकी चढते. तूप सुटलं, आता वेलदोडा घालून उतरवा. मला 45 ते 50 मिनिटं लागतात. थापल्यावर 610 ग्रॅम भरला.

चौथा घाणा ठिपकेवाल्या केळ्यांचा, गूळ घालून. वास सुरेख आला, पण वड्या मऊ राहिल्या. उरलेल्या गरात गूळ, मावेल तेवढी कणीक आणि थोडा रवा, पाण्याचा थेंब न घालता भिजवून घारगे केले. आच मंद हवी; गुळामुळे बाहेरून पटकन काळे होतात आणि आत कच्चे राहतात.

पुण्या-नागपूरकडे राजेळी मिळाली नाहीत तर केरळी दुकानातली नेंद्रन घ्या, ती याच जातकुळीची. नेहमीच्या केळ्यांत पाणी जास्त, हलवा आटायला खूप वेळ लागतो आणि वडी धड पडत नाही.

पाचवा घाणा बाप्पाचा. दोन फण्या आणल्या होत्या, दोन दिवसांच्या अंतराने. चतुर्थीला पहाटे पाचला पहिल्या फणीतल्या सहाही केळ्यांवर अंगठ्याने दाबून बघितलं. सहाही ठिकाणी खळगा राहिला. पुरती काळवंडलेली केळी, म्हणून साखर 140 ग्रॅमच घातली आणि हात आखडता घेतला नाही ना, हे मनात घोळत राहिलं. आरती झाली, नैवेद्य दाखवला, आणि मग पहिली वडी आईच्या हातावर ठेवली. तिने शांतपणे खाल्ली आणि हात पुन्हा पुढे केला.

कडेच्या वड्या मधल्यांपेक्षा घट्ट झाल्या, तेवढं सुधारायचं आहे. ताटाऐवजी उभ्या काठांचा डबा घेऊन बघेन. दुसरी फणी गौरीजेवणासाठी राखून ठेवली आहे. आज तिच्या देठाला मधाचा वास यायला लागलाय.