माझा अनुभव: ट्रेकच्या स्टोव्हचं इंधन आणि गोदामात अडकलेला डबा

स्टोव्ह घेणं सोपं आहे. ऑनलाइन मागवा, घरी येतो. मुठीत मावणारा, गॅसच्या डब्याच्या डोक्यावर आट्यांनी फिरवून बसवायचा, वजन शंभर ग्रॅमच्या आत. अडतं ते त्याला लागणाऱ्या डब्यावर. आट्यांचा डबा जालन्यात मिळत नाही, संभाजीनगरातही मला कुठे सापडला नाही. ज्या गावात भट्ट्या लावून लोखंडाच्या सळया पाडतात, तिथं चहापुरता गॅस मिळू नये याचा राग अजून उतरलेला नाही.

आमचं फिरणं अजिंठ्याच्या रांगेतलं. वेताळवाडी, जंजाळा, अंतूर, एखाद्या रात्रीचा मुक्काम. हिवाळा सरत आला की गडावरच्या टाक्यांचा भरवसा नसतो, पाणी पाठीवरच न्यावं लागतं. त्यामुळे बाकीच्या सामानात ग्रॅम-ग्रॅम मोजायची सवय लागली. रॉकेलचा पंप मारायचा स्टोव्ह जड, वर सॅकला वास. शिवाय हल्ली रॉकेल शोधायलाच अर्धा दिवस जातो. ठरलं, गॅसच.

२३० ग्रॅम गॅस असलेले दोन डबे मागवले. पैसे लगेच कापले गेले. पार्सल संभाजीनगरपर्यंत आलं आणि तिथंच बसलं. मोबाइलवर रोज एकच ओळ: ‘होल्ड’. हेल्पलाइनला फोन लावला की एक दाबा, दोन दाबा, मग गाणं, मग फोन कट. शेवटी गाडी काढली आणि कुरिअरच्या गोदामात गेलो.

काउंटरवरच्या पोरानं नंबर टाकला. “सर, डेंजरस गुड्स दाखवतंय.”

“दादा, ते मलाही माहीत आहे. गॅस आहे तो. पुढं काय करायचं ते सांगा.”

“हे विमानानं जात नाही, सर.”

“संभाजीनगरहून जालन्याला विमानानं कशाला पाठवता? तासा-दीड तासाचा रस्ता आहे. माझ्या हातात द्या, मी नेतो.”

“सिस्टिममध्ये होल्ड आहे. आम्हाला देता येत नाही.”

आतून खोकं आणून दाखवलं मात्र. बाहेरच्या चिठ्ठीवर विकणाऱ्यानं ‘किचनचं सामान’ लिहिलेलं, आणि आतल्या डब्यावर ज्वाळेचं ठसठशीत चित्र. म्हणजे मूळ लबाडी विकणाऱ्याची. असे गॅसचे डबे जगभर यूएन २०३७ या, संयुक्त राष्ट्रांच्या यादीतल्या नंबराखाली धोकादायक माल म्हणून पाठवतात, खोक्यावर तशी खूण लागते, आणि कुरिअरवाले सेफ्टी डेटा शीट, म्हणजे मालाच्या धोक्यांची माहिती देणारा कागद, मागतात. पोरगा बिचारा नियमानंच वागत होता. पण हीच गोष्ट फोनवर कुणी सांगितली असती तर माझी फेरी वाचली असती.

विकणाऱ्याला मेल केला. त्यानं शीट पाठवली, तीही भलत्याच कंपनीच्या डब्याची. पुन्हा मेल, पुन्हा शीट. ती प्रिंट काढून परत गोदामात. तर, “साहेब सुट्टीवर आहेत, सर. मंजुरी तेच देतात.” साहेब आले तोवर पार्सलची मुदत संपून ते विकणाऱ्याकडे परत निघालं होतं. तेही ट्रकनं, म्हणजे जमिनीवरून जायला त्याला काहीच अडचण नव्हती!

म्हणून ऑनलाइन मागवणाऱ्यांनी ऑर्डरच्या आधी एवढं विचारून घ्या: माल रस्त्यानं येणार का, आणि खोक्यावर खरं लिहिणार का? उत्तर गोलगोल आलं तर सोडून द्या.

ट्रेकची तारीख तोंडावर आली तेव्हा आमच्या सुतारानं वाट दाखवली. लाकडाला फ्रेंच पॉलिश करताना चपडा लाख ज्यात विरघळवतात, ते स्पिरिट, लहानशा स्पिरिट-बर्नरमध्ये जाळायचं. रंगाच्या दुकानात मिळतं. दुकानदारानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “कशाला पाहिजे? प्यायला नाही ना?” रास्त प्रश्न आहे. त्यात विषारी मिथेनॉल असू शकतं आणि त्याच्या विक्रीवर राज्य उत्पादन शुल्क खात्याची नजर असते. परवाना असलेल्या दुकानातूनच घ्या, बिल घ्या. पाण्याच्या बाटलीत तर कधीच भरू नका. अंधारात तहानेनं कोण कुठली बाटली उचलेल सांगता येत नाही.

अर्धा लिटर पाणी उकळायला साधारण १५ ते २० मिली स्पिरिट जातं. गॅस ७-८ ग्रॅमच लागतो. मग गॅसच हलका, असं वाटेल. पण २३० ग्रॅमचा डबा रिकामा झाला तरी पत्र्याचंच वजन दीडशेच्या आसपास. एका रात्रीसाठी स्पिरिट हलकं पडतं, आठवडाभरासाठी गॅस.

स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही. विझली समजून वरून ओतलं की भडका. वाळल्या गवतात तर मी ते पेटवतच नाही, उघडा कातळ शोधतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून वन खातं वणव्याचा हंगाम धरतं, आणि गौताळ्यासारख्या अभयारण्यात आगीबद्दल १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं कलम ३० आहे. तिथं आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेतो. इंधनाचं वजन शून्य.

वाऱ्याला आडोसा करायचा असेल तर स्पिरिटच्या बर्नरभोवती पत्रा चालतो. डब्यावरच्या स्टोव्हभोवती मात्र चारी बाजूंनी गुंडाळू नका, डबा तापतो.

केकवाल्यांच्या सामानाच्या दुकानात ज्वाळेच्या टॉर्चला लागणारे गॅसचे लांबुडके डबे मिळतात, त्यांना वेगळा जोड लागतो. आपल्याकडच्या थंडीत ते चालतात. पण त्यात बहुधा नुसता ब्युटेन असतो आणि तो शून्याच्या आसपास वायू व्हायचं सोडतो. हिमालयासाठी आयसोब्युटेन-प्रोपेन मिश्रणाचाच डबा हवा. तो मनालीत घ्या, इथून नेऊ नका. सचखंड एक्स्प्रेसनं जाताना सॅकमध्ये गॅस किंवा स्पिरिट सापडलं तर रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

डब्यात किती उरलंय हे हलवून कळत नाही. नवा असतानाच स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून मार्करनं बुडाशी लिहून ठेवा.

हो, परताव्याचे पैसे आले. डिलिव्हरीचा आकार कापून. न झालेल्या डिलिव्हरीचा.