दिवा लागला, पण पुढची चाकं जागची हलली नाहीत

गाडी घेऊन कच्च्या डोंगरवाटेवर गेलो होतो. पहिला दिवस सोपा गेला, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दुसऱ्या दिवशी ओढा ओलांडल्यावर सुट्या दगडांचा चढ लागतो. जेमतेम दोनशे मीटरचा, पण आमचे चार तास तिथेच गेले.

फोर बाय फोरचा, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारा, लिव्हर टाकला, डॅशबोर्डवर दिवा लागला आणि मागची चाकं दगड उडवायला लागली. सोबती बाहेरून ओरडला, "पुढची फिरतच नाहीयेत!" निघण्याआधी सर्व्हिसिंगला दिली तेव्हा "फोर बाय फोर ओके" असं सांगितलं होतं. म्हणजे नुसता दिवा पाहिला होता. याचा राग अजून गेलेला नाही. माझ्या गाडीत तो दिवा ट्रान्सफर केसच्या (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीच्या) स्विचवर लागतो. पुढच्या अॅक्सलमध्ये, म्हणजे पुढची दोन चाकं जोडणाऱ्या आसात, काय चाललंय हे त्याला कळतच नाही.

या अॅक्सलचा एका बाजूचा शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) दोन तुकड्यांत असतो. इंजिनाच्या व्हॅक्यूमवर (हवेच्या ओढीवर) अॅक्च्युएटर नावाचा डबा चालतो, त्याचा फोर्क म्हणजे चिमटा दातेरी कडं, म्हणजे कॉलर, सरकवून ते तुकडे जोडतो. जीप रँग्लरच्या 1987 ते 1995 च्या गाड्यांत हीच रचना होती. कॉलर सरकली नाही तर सुटलेली बाजू एकच, पण डिफरन्शियल (दोन्ही चाकांत फिरकी वाटणारे गिअर) सगळी फिरकी त्या मोकळ्या तुकड्याला देतो आणि दोन्ही चाकं जागेवर राहतात.

आमची व्हॅक्यूमची नळी कोपऱ्यावर चिरली होती. वायपरच्या पाण्याच्या नळीचा तुकडा कापून जोडला, इंजिन चालू ठेवून गाडी वीतभर पुढे-मागे केली आणि "टक्" असा आवाज आला. इतका गोड आवाज मी आजवर ऐकलेला नाही! पाच मिनिटांत वर.

निघण्याआधी घरीच तपासा. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, मागच्या चाकांना अडण, पुढची दोन्ही चाकं स्टँडवर. लिव्हर फोर बाय फोरमध्ये टाका आणि अॅक्च्युएटरच्या ज्या तोंडाने कॉलर जोडली जाते त्याला व्हॅक्यूमच्या हातपंपाने व्हॅक्यूम द्या. पंपाचा काटा उतरला तर अॅक्च्युएटरमधला डायफ्रॅम (रबरी पडदा) गेला. आता एक चाक हाताने फिरवा, कॉलरचे दात बसायला थोडं मागेपुढे करावं लागेल. दुसरं चाक उलट फिरलं तर जोडणी झाली. ढिम्म राहिलं तर नाही.

नळीत गिअर ऑइल दिसलं तर नुसती नळी बदलून भागणार नाही, अॅक्च्युएटरचं सील गेलंय. पाण्यातून आल्यावर अॅक्सलचं ऑइल दुधाळ झालंय का तेही बघा. महिन्यातून एकदा मातीवर फोर बाय फोर टाकून थोडं चालवा, नाहीतर फोर्क जाम होतो.

व्हॅक्यूमचा हातपंप आणि दोन मीटर नळी गाडीत नसेल तर ओढ्यापासूनच परत फिरा.