डूनचा किल्ला: लाकूडकामाला भुलू नका

स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग स्टेशनबाहेर टॅक्सीवाल्यानं ठासून सांगितलं, "डूनला बस जात नाही." तेरा किलोमीटरला चाळीस पाउंड मोजले. परत जायला गावात आलो तर थांब्यावर बस उभी! अर्ध्या तासात स्टर्लिंग. टॅक्सी अजिबात करू नका. गावातून किल्ला चालत दहा मिनिटांवर आहे.

त्याहून मोठी फसगत आत झाली. दरवाजावरच्या बुरुजात ड्यूकचं दालन आहे: कोरीव लाकडी पडदा, वर वादकांची गॅलरी, भिंतींना फळ्यांचं अस्तर. चौदाव्या शतकातलं समजून मी अर्धा तास त्या नक्षीपुढे उभा होतो. नंतर माहितीफलक वाचला. हे सगळं १८८० च्या दशकातलं, मरेच्या १४व्या अर्लनं (अर्ल म्हणजे सरदार) किल्ला दुरुस्त केला तेव्हाचं. मोठ्या दिवाणखान्याचं लाकडी छतही तेव्हाच बसवलेलं. फार वाईट वाटलं. दालनातलं खरं जुनं म्हणजे डोक्यावरची दगडी कमान आणि शेजारी-शेजारी दोन फायरप्लेस. तेवढंच डोळे भरून बघा.

मग सरळ मुदपाकखाना गाठा. मी तर म्हणेन, आधी तिथेच जा. तिथली चूल साडेपाच मीटर रुंद आहे. माझ्यासारखे तिघे हात पसरून एका ओळीत उभे राहतील. आत शिरून वर बघितलं तर धुराड्याच्या तोंडाशी आभाळाचा तुकडा दिसला आणि पावसाचे थेंब तोंडावर आले. या किल्ल्याचा मूळ मालक, ऑल्बनीचा ड्यूक रॉबर्ट स्टुअर्ट, राजा नसतानाही स्कॉटलंडचा कारभार हाकत होता, ते मला या चुलीपाशी पटलं. तो १४२० मध्ये वारला, आणि मुलगा मर्डॉक याचा पहिल्या जेम्स राजानं १४२५ मध्ये शिरच्छेद केला. किल्ला राजाकडे गेला.

चौकात आलात की दक्षिणेकडचा तट नीट बघा. बारा मीटर उंच भिंतीत मोठाल्या खिडक्या आहेत, पण त्यांच्यामागे खोलीच नाही. इथे आणखी इमारती बांधायचा बेत असावा. मला हा तट त्या सजवलेल्या दालनापेक्षा कितीतरी मोलाचा वाटला.

चक्री जिन्यांना मात्र जपा. पायऱ्या आतल्या बाजूला चार बोटं उरतात, त्यात ओले बूट. सह्याद्रीत गड चढलेले माझे पाय इथे दोनदा सटकले. पाठीवरची मोठी सॅक हॉटेलवरच ठेवून या, आणि उतरताना भिंतीच्या बाजूनंच पाय टाका, तिथे पायरी रुंद असते.


टीथ नदीकाठची वाटही बरी आहे, पण चिखल घोट्यापर्यंत. वेळ कमी असेल तर ती सोडा, मुदपाकखाना सोडू नका.